खड्ड्यातली दिर्चे

इरीदे झानेल्ला गेली त्या आठवड्यात आमच्या रोकाबासा गावात तिच्या जिवलग मैत्रिणी निदान दीडशे निघाल्या. आदल्या आठवड्यापर्यंत एकही नव्हती.

औषधांचा दुकानदार मोंदीनी आमच्या थिएटरच्या समितीचा अध्यक्षही होता. त्याने तिच्या फोटोला काळी रिबीन लावली आणि तो दुकानाच्या काचेत ठेवला, एका बाजूला खोकल्याचं औषध, दुसऱ्या बाजूला बारीक होण्याचा चहा. चौकातल्या कॉफीवाल्याने एक कप फडताळात वेगळा काढून ठेवला. यातून ती प्यायची म्हणे. ती कॉफी पीतच नसे, तिला सोसायची नाही. पण कपाला कोण विचारायला जातो! बायका बाजारात भाजी निवडता निवडता एकमेकींच्या गळ्यात पडायच्या, आणि मोकळ्या झाल्या की पुन्हा भाजी निवडायच्या.

त्या आठवड्यात एका सकाळी मी आणि दिर्चे फोंतानेसी बाजारातच होतो. दिर्चे कांद्याची पात उलटीपालटी करून बघत होती. बेकरीवाली डोळे पुसत आली.

"काय गं हे दिर्चे! चौतीस हे काय जायचं वय?"

"नाही," दिर्चे म्हणाली. "शिट्ट्या खायचंही नव्हतं."

"माझा नवरा नव्हता हं त्यात!"

"तुझा नवरा चार बोटं तोंडात घालून मारतो. गावात तशी मारणारा तो एकटाच. मी पाठमोरी बसते म्हणून मला काय ऐकू येत नाही?"

बेकरीवाली गेली. दिर्चेने पात घेतली नाही. म्हणाली, जून आहे. ती बाई अशीच होती. तिला पात जून वाटायची, पाव कच्चा वाटायचा, पाद्री बावळट वाटायचा आणि मी बोलघेवडी वाटायची. यातलं शेवटचं खरं होतं.

दिर्चे आमच्या ऑपेरा-थिएटरची प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या ऐन कडेला, मधोमध, एक खड्डा असतो. त्यावर प्रेक्षकांच्या बाजूने लाकडी टोपण. खालून शिडीने चढून आत बसायचं, डोकं तेवढं फळ्यांच्या वर. तोंड गाणाऱ्यांकडे, पाठ लोकांकडे. पुढ्यात पुस्तक. गाणाऱ्याने ओळ उचलायच्या निमिषभर आधी तिचा पहिला शब्द त्याच्याकडे फेकायचा, तोही असा की त्याला पोचावा आणि पहिल्या रांगेला कळू नये. एकतीस वर्षं दिर्चेने हेच केलं. तिच्याआधीचा म्हातारा एका प्रयोगात तिथेच घोरायला लागला, म्हणून पियानोच्या शिकवण्या करणाऱ्या या पोरीला घाईघाईने आत बसवलं, आणि ती बसलीच. मी त्याच थिएटरात टोप विंचरायची. मला निदान पडदा पडल्यावर कुणी म्हणायचं, झेलिंदा, आज टोप छान बसला होता. दिर्चेसाठी एकतीस वर्षांत कुणी टाळी वाजवली नाही. तिने काम चोख केलं म्हणजे ती तिथे होती हेच कुणाला कळायचं नाही.

खड्ड्यातून माणसाचं काय दिसतं? पायताणं. आणि थुंकी. दिर्चे गाणाऱ्यांना त्यांच्या बुटांवरून ओळखायची. हा टाचा झिजवतो, म्हणजे घाबरट. ही नवे बूट घालते आणि घरी सराव करत नाही. "वरून पाहिलं तर सगळे देव," ती म्हणायची, "खालून बघ, सगळ्यांचे तळवे फाटलेले."

सर्वांत जास्त तिरस्कार तिला उल्देरीको ग्रासेल्लीचा. तो आमच्या जिल्ह्याचा लाडका टेनर, म्हणजे उंच आवाजाचा नायक. आवाज बरा होता, मी नाही म्हणत नाही. पण माणूस असा की आरसा दिसला की त्याला सांगायचा, थांब, आलोच. पाठांतराच्या नावाने शून्य. पहिली ओळ सोडली तर बाकीच्या सगळ्या ओळी दिर्चेच्या तोंडातून त्याच्या तोंडात जायच्या. तो गाणार असला की दिर्चे दुपारी मुद्दाम कच्चा कांदा खाऊन यायची.

"अगं, त्याला वास येतो!" मी म्हणायची.

"येऊ दे. फुकटचे शब्द पाहिजेत ना? मग वासासकट घे म्हणावं."

पण शब्द मात्र तिने कधी चुकवला नाही. तापात बसली, आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी बसली. कांदा खाईन, पण गाणाऱ्याला उघड्यावर सोडणार नाही, हा तिचा धर्म.

आता इरीदे. टोमॅटोच्या कारखान्यात डबे सील करणाऱ्या लेआर्कोची ही मुलगी. बाराव्या वर्षी दिर्चेकडे पियानो शिकायला आली. दिर्चेने महिन्याभरात निकाल दिला, "आवाज घोड्याचा, अक्कलही घोड्याचीच." पियानो बंद केला आणि तिला गायला लावलं. पुढे ती मोठ्या शहरांत शिकली, मोठ्या थिएटरांत गायली, लोक तिच्यासाठी आगगाडीने येऊ लागले. ती वरच्या पट्टीत हळू गायची ना, तेव्हा माझ्या हातातला कंगवा थांबायचा. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता येतं ते सगळे त्या आठवड्यात पेपरात लिहीत होते.

तिचं एक गुपित फक्त दिर्चेला आणि मला ठाऊक होतं. इरीदेला शब्द राहायचे नाहीत. सूर एकदा ऐकला की पक्का, पण शब्द चाळणीतून पाणी जावं तसे जायचे. म्हणून गाताना तिची नजर खाली, दिर्चेच्या तोंडावर. पेपरवाले लिहायचे, 'झानेल्लाची ती विनम्र, झुकलेली दृष्टी!' दिर्चे ते कात्रण मला वाचून दाखवायची आणि पोट धरून हसायची. हसताना मी तिला एवढ्याच कारणाने पाहिलं.

गावात प्रयोग असला की इरीदे समितीच्या जेवणाला उशिरा जायची. आधी रिकाम्या रंगमंचावर फतकल मारून खड्ड्याशी बसायची, आणि दोघी डोक्याला डोकं लावून भांडायच्या.

"मावशी, दुसऱ्या अंकात शब्द जरा लवकर टाक."

"मी तुझी मावशी नाही. आणि लवकर टाकला तर तू लवकर उचलशील. घोडी आहेस."

"घोडीला चाबूक लागतो, तू नुसती पुटपुटतेस!"

शेवटचा प्रयोग झाला सत्तावन्न सालच्या नोव्हेंबरात. इरीदे आली तेव्हाच तिचं तोंड सुजलेलं होतं. मी टोप एक बोट सैल केला. मूत्रपिंडाचं दुखणं होतं, ती कुणाला सांगत नव्हती. दिर्चेने मात्र पडदा वर जाताच ओळखलं. इरीदेच्या बुटांच्या दोन्ही बाजू कात्रीने उभ्या कापलेल्या होत्या, पाय आत जावेत म्हणून. प्रेक्षकांना घागरा दिसत होता. खड्ड्यातून बूट दिसत होते.

दुसऱ्या अंकात तिचं आणि ग्रासेल्लीचं दोघांचं गाणं होतं. मध्येच तिचा श्वास तुटला. दिर्चेने शब्द टाकला. इरीदेने ऐकला, मानेने हो म्हटलं, ओठही हलवले. आवाज आला नाही. अशा वेळी जोडीदाराने काय करायचं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. जवळ जायचं, तिचा चेहरा आपल्या खांद्याआड घ्यायचा, आपली ओळ लांबवायची. ग्रासेल्ली पाठ फिरवून चार पावलं मागे गेला. आणि वरच्या गॅलरीकडे बघून त्याने खांदे उडवले. म्हणजे, बघा बुवा, मी तर तयार आहे.

मग गॅलरीने शिट्ट्या मारल्या; आमच्याकडे शिट्टी म्हणजे हुर्यो. इरीदे उभी राहिली. शिट्ट्या संपेपर्यंत उभी राहिली, आणि उरलेला अंक तिने अर्ध्या आवाजात पुरा केला.

तिसऱ्या दिवशी समितीचं पत्र गेलं. पुढच्या हंगामातली तिची भूमिका 'कलात्मक कारणांस्तव' दुसरीला दिली. सही मोंदीनीची.

ती बापाकडे, नदीकाठच्या घरात जाऊन राहिली. तीन महिने होती. त्या दीडशे जिवलगांतलं कोण गेलं तिकडे? मी एकदा गेले. खोटं कशाला बोलू, एकदाच. लोकरीच्या शाली घेऊन गेले, पाव तास बसले आणि आजाऱ्याच्या वासाने मळमळायला लागलं म्हणून बसची वेळ झाल्याचं सांगून उठले. दिर्चे दर गुरुवारी जायची. काय करायची तिथे? पत्ते खेळायची. इरीदे, लेआर्को आणि ती. इरीदे चोरून पत्ते बघते म्हणून दोघींची कडाक्याची भांडणं व्हायची, असं लेआर्कोने मला नंतर सांगितलं. फेब्रुवारीत, नऊ तारखेला ती गेली.

अंत्ययात्रेला ग्रासेल्ली शवपेटीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला होता, कारण फोटोवाला उजवीकडे उभा होता. लेआर्को तिसऱ्या रांगेत ढकलला गेला. बिचाऱ्याचा एकच काळा कोट, तो कारखान्यातल्या कुणाकडून तरी आणलेला. त्याच्या बाह्या बोटांवर येत होत्या. दिर्चे त्याच्या शेजारून चालली. ती रडली नाही. गावाने याचीही नोंद घेतली.

पुढच्या आठवड्यात मोंदीनी थिएटरात आला. मार्चमधल्या रविवारी दुपारी इरीदेच्या स्मरणार्थ कार्यक्रम करायचा ठरला होता. ग्रासेल्ली त्याच दुसऱ्या अंकातलं आपलं गाणं गाणार होता.

"दिर्चेबाई, तुम्ही खड्ड्यात लागाल," मोंदीनी म्हणाला. "तुम्हाला तर तिचा किती लळा होता."

"कुणी सांगितलं?"

"गाव म्हणतं."

"गाव तर तुम्हालाही तिचा लळा होता म्हणतं."

मोंदीनीने हातरुमाल काढून कपाळ पुसलं. "जे झालं ते झालं. समितीचा नाइलाज होता. आता आपण सगळे दुःखात एक आहोत."

"लेआर्कोला कुठे बसवणार?"

"वरच्या मजल्यावर एक छान जागा काढलीय. पुढच्या रांगा काय, जिल्ह्याचे प्रीफेक्ट साहेब, त्यांच्या मिसेस, शेजारच्या गावांचे महापौर..."

"बरं," दिर्चे म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. दिर्चे 'बरं' म्हणाली! मोंदीनी गेल्यावर मी विचारलं, "येणार तू?"

"काम आहे माझं. गाढव गाणार असलं तरी शब्द लागतातच."

ती खरोखर काम करायलाच आली होती. तिने काही मनात योजून ठेवलं होतं असं लोक नंतर म्हणाले, ते खोटं आहे. मी तिच्याबरोबर होते. तिने त्या दुपारी कांदासुद्धा खाल्ला नव्हता.

थिएटर खच्चून भरलं. काळे कपडे इतके की त्या आठवड्यात शिंप्याला झोप नसावी. मी विंगेत उभी होते, तिथून खड्ड्यातला दिर्चेचा चेहरा समोर दिसायचा. मोंदीनी बोलला, प्रीफेक्ट बोलला. त्याने इरीदेचं आडनाव चुकवलं. मग ग्रासेल्ली आला. गाण्याआधी दोन शब्द बोलतो म्हणाला, आणि डोळ्यांना रुमाल लावला.

"मित्रहो, तिच्या त्या शेवटच्या प्रयोगातलं एक सत्य मी आज उघड करतो. आपल्या इरीदेला शब्द आठवेनात. ती घाबरली. मी मागे सरलो, जेणेकरून कुणाला कळू नये, आणि तिथून, भावाने बहिणीला द्यावेत तसे, एकेक शब्द मी तिला हळूच दिले. तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही!"

लोक हुंदके देऊ लागले. बेकरीवालीचा आवाज तर मला विंगेत ओळखू आला.

मी दिर्चेकडे पाहिलं. तिचा चेहरा तसाच होता. फक्त तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

वाद्यं सुरू झाली. ग्रासेल्लीने पहिली ओळ उचलली, चांगली उचलली. दुसरीसाठी नेहमीसारखी नजर खाली टाकली. दिर्चेने पुस्तक मिटलं.

त्याने पहिलीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा खाली पाहिलं. दिर्चे हाताची घडी घालून त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग त्याने नुसता 'आ' लावला, तोही संपला. वाद्यवृंदाचा मायेस्त्रो हातवारे करत होता. पण त्यालाही शब्द कुठे येत होते! वाद्यं एकेक करून गळाली. ग्रासेल्ली तोंड उघडं ठेवून उभा. शेवटी तो पुढे आला, कमरेत वाकला आणि दातांतून म्हणाला, "दिर्चे! शब्द!"

दिर्चे बोलली. कुजबुजली नाही, साध्या, बाजारात बोलावं तशा आवाजात बोलली. आमचं थिएटर गाण्यासाठी बांधलेलं. तिथे साधा आवाजही शेवटच्या बाकापर्यंत जातो.

"माझ्याकडे कशाला मागताय? शब्द तर तुमच्याकडे असतात ना? तिला तुम्हीच दिलेत."

मग गॅलरीत कुणीतरी खिदळलं, आणि बघता बघता अख्खी गॅलरी हसायला लागली. ग्रासेल्लीचा चेहरा बीटासारखा लाल झाला. तेव्हा खड्ड्यातून पुन्हा आवाज आला.

"आणि वरच्यांनो, तुम्ही दात काढू नका. तिला श्वास नव्हता. शब्द मी दिला होता, तिने घेतलाही होता. शिट्ट्या तुमच्या होत्या."

मग ती शिडी उतरून खाली गेली.

मी धावत तळघरात गेले. ती एका खोक्यावर बसली होती. मला वाटलं, आता तरी इरीदेसाठी रडेल. तर म्हणाली, "झेलिंदा, मी शब्द चुकवला."

"चुकवलास कसला, झोडपलंस त्याला! मला तर आनंद..."

"गप्प बस. एकतीस वर्षांत पहिल्यांदा चुकवला. त्याने तिला उघड्यावर सोडलं. मी त्याला सोडलं. फरक काय राहिला?"

"फरक आहे की. तू वाळकी आहेस आणि तो जाड आहे."

ती हसली नाही. रडू लागली, आणि अशी रडू लागली की मला तिच्याजवळ बसायचं धैर्य होईना. मी दाराशी उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग उठली, नाक शिंकरलं, आणि मी नको नको म्हणत असताना सरळ ग्रासेल्लीच्या खोलीत गेली.

"मी चुकले," ती म्हणाली. "तुम्ही खोटारडे आहात, ते वेगळं. पण शब्द द्यायला हवा होता."

ग्रासेल्लीने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले, भोवतालच्या लोकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "दुःखाने माणूस वेडा होतो. मी क्षमा केली." दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा तोच. 'ग्रासेल्लींचं मोठं मन.' समितीने त्याच आठवड्यात दिर्चेला काढून टाकलं. समितीचं मन तेवढं मोठं नव्हतं. गावाने ठरवलं की दिर्चेने मेलेल्या इरीदेचा अपमान केला. ज्यांनी हे ठरवलं त्यांत बेकरीवाली पुढे होती.

लेआर्को वरच्या मजल्यावरून सगळं ऐकत होता. त्याने दिर्चेचे आभार मानले नाहीत, दोषही दिला नाही. थिएटरच्या मागच्या दाराशी कोटाच्या बाह्या वर सारत उभा होता, ती बाहेर आल्यावर म्हणाला, "गुरुवारी येशील ना? दोघांतही खेळता येतं." ती गेली. पुढे जातच राहिली. शिकवण्या पुन्हा सुरू केल्या, मुलांच्या बोटांवर पट्टी मारत राहिली. थिएटरात पाऊल टाकलं नाही.

त्या उन्हाळ्यात समितीने इरीदेच्या थडग्यावर एक देवदूत बसवला. संगमरवरी आहे असं भाषणात सांगितलं. हातात वीणा, डोळे आभाळाकडे, गाल ग्रासेल्लीसारखे. खाली समितीच्या नऊ जणांची नावं, आणि त्यांच्याखाली इरीदेचं. पहिल्या नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळे हार घेऊन आले, फोटो निघाले. दुसऱ्या नोव्हेंबरात कुणी आलं नाही. ग्रासेल्लीला त्या दिवशी कुठेतरी सत्कार होता.

त्यानंतरच्या डिसेंबरात एका सकाळी लेआर्को, दिर्चे आणि मी कबरीवर गेलो होतो. लेआर्को बराच वेळ देवदूताकडे बघत राहिला.

"दिर्चे, तुला कळतं यातलं. कसा आहे गं हा?"

"भिकार."

"मलाही तसंच वाटलं. पण म्हटलं, मी कारखान्यातला माणूस." त्याने नखाने देवदूताच्या पायाचा अंगठा खरवडला. पांढरी भुकटी पडली. "प्लास्टर आहे हे."

"मग हलेल," दिर्चे म्हणाली.

तिथल्या माळ्याची हातगाडी आणली. तिघांनी मिळून तो उचलला; माझी कंबर चार दिवस धरली होती. दफनभूमीच्या मागे अवजारांची खोपी आहे, तिच्या भिंतीला तोंड करून तो उभा केला. नावांची फरशी त्याच्याच पायाशी ठेवली, नऊ जण त्याला सोबत म्हणून. थडग्यावर लेआर्कोने नुसतं तिचं नाव कोरलेला दगड बसवला.

मला वाटलं, आठवड्याभरात बोभाटा होईल. मग वाटलं, महिन्याभरात. याला आता सोळा वर्षं झाली. लेआर्को गेला, दिर्चे गेली, मोंदीनी गेला. त्याच्या दुकानावर दोन दिवस काळी रिबीन होती. देवदूत कुठे गेला असं अजून कुणी विचारलेलं नाही. मागच्या महिन्यात मी गेले होते, तेव्हा त्याच्या वीणेवर माळ्याने बनियन वाळत घातलं होतं.